पुरुलिया शस्त्रप्रकरण : किम डेव्हीचे प्रत्यार्पण का झाले नाही?

पश्चिम बंगालमधील पुरुलिया जिल्ह्यात १७ डिसेंबर १९९५ च्या रात्री एका अँटोनोव्ह-२६ विमानातून शेकडो एके-४७ रायफली व मोठा दारूगोळा टाकण्यात आला. चार दिवसांनी परतीच्या वाटेवर असलेले हेच विमान भारतीय हवाई दलाने मुंबई विमानतळावर उतरण्यास भाग पाडले. ब्रिटिश शस्त्रव्यापारी पीटर ब्लीच आणि पाच विमान कर्मचारी पकडले गेले. मात्र सूत्रधार मानला गेलेला डेन्मार्कचा नागरिक नील्स होल्क ऊर्फ किम डेव्ही विमानतळावरूनच निसटला. यंत्रणांनीच उतरवून घेतलेल्या विमानातील मुख्य आरोपी नाहीसा कसा झाला, याचे समाधानकारक उत्तर आजतागायत मिळालेले नाही.

कोलकात्याच्या न्यायालयाने २००० मध्ये या सहाही जणांना जन्मठेप सुनावली. कर्मचारी त्याच वर्षी, तर ब्लीच २००४ मध्ये माफी मिळून मायदेशी परतले.

एप्रिल २०११ मध्ये डेव्हीने दूरचित्रवाणीवरील मुलाखतीत गौप्यस्फोट केला. पश्चिम बंगालमधील डाव्या आघाडीचे सरकार अस्थिर करण्यासाठी आखलेल्या या कारवाईची केंद्रातील यंत्रणांना पूर्वकल्पना होती आणि आपल्या पलायनासही दिल्लीतूनच साहाय्य झाले, असा त्याचा दावा होता. केंद्रीय अन्वेषण विभागाने तो फेटाळला. दावा सिद्ध झालेला नाही. पण ज्याच्याकडून तो तपासून घेता आला असता, तो आरोपी भारताच्या हाती लागलाच नाही.

फाशी न देणे आणि शिक्षा डेन्मार्कमध्ये भोगू देणे, या अटींवर डॅनिश सरकारने एप्रिल २०१० मध्ये प्रत्यार्पणास मान्यता दिली होती. परंतु हिलरॉड येथील न्यायालयाने नोव्हेंबर २०१० मध्ये ती रद्द केली. भारतात छळ अथवा अमानुष वागणुकीचा धोका आहे, असे कारण देत उच्च न्यायालयाने जून २०११ मध्ये तोच निर्णय कायम केला. डॅनिश सरकारी पक्षाने सर्वोच्च न्यायालयात दाद न मागितल्याने भारताने डेन्मार्कशी राजनैतिक संपर्क मर्यादित केले.

परदेशी न्यायालये अशी आश्वासने नेहमीच नाकारतात, असे नव्हे. बंगळुरूचे उद्योगपती विजय मल्ल्या यांच्या खटल्यात आर्थर रोड कारागृहातील बराकीची चित्रफीत पाहून लंडनच्या न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये प्रत्यार्पणाच्या बाजूने निकाल दिला होता.

भारताने २०१६ मध्ये डेन्मार्ककडे नव्याने विनंती केली व अधिक हमी देऊ केल्या. हिलरॉडच्या न्यायालयाने २९ ऑगस्ट २०२४ रोजी ही विनंतीही फेटाळली.