सावद्याच्या मुलाच्या हाती कोणते पुस्तक द्यावे?

दृढीकरण संस्काराच्या दिवशी मुलांना संतांचे चरित्र भेट देण्याची प्रथा आपल्याकडे जुनी आहे. ती मोडावी असे आम्ही म्हणत नाही. मात्र त्या पुस्तकांची पाने पुष्कळदा न फाडलेलीच राहतात, हेही आम्ही पाहिले आहे. तेरा-चौदा वर्षांचे मूल बोध ओळखते आणि त्यापासून दूर पळते. गोष्ट मात्र त्याला हवी असते.

मुलांसाठी मराठीत नियतकालिक काढण्यात ख्रिस्ती मंडळी मागे नव्हती. अमेरिकन मराठी मिशनचा ‘बालबोधमेवा’ १८७३ साली निघाला, वा. गो. आपटे यांचा ‘आनंद’ त्यानंतर तेहतीस वर्षांनी आला. (हे श्रेय आपल्या प्रॉटेस्टंट बांधवांचे, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे.) बाल्य आणि तारुण्य यांच्या उंबरठ्यावरील मुलाशी बोलणारा माणूस मात्र आमच्या मते खानदेशात घडला. १९२४ ते १९३० या काळात साने गुरुजी अमळनेरच्या शाळेत शिक्षक होते व तेथील छात्रालयही सांभाळीत होते. मुलांसाठी ते ‘छात्रालय’ नावाचे हस्तलिखित दैनिक काढीत. रोज संध्याकाळी ज्यांच्याशी बोलायचे, त्यांच्याचसाठी रोज लिहायचे, असा तो परिपाठ होता. १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात अवघ्या काही दिवसांत ‘श्यामची आई’ लिहून झाली. तिच्यातील गाव कोकणातले, परंतु सांगण्याची ती रीत अमळनेरच्या मुलांनी घडवली, असे आम्हांस वाटते. ‘धडपडणारी मुले’ वाचताना तर ते छात्रालय डोळ्यांसमोर उभे राहते. सावद्याला लागून असलेल्या फैजपुरास १९३६ च्या डिसेंबरात काँग्रेसचे अधिवेशन भरले, तेव्हाही गुरुजी त्याच्या तयारीसाठी खेडोपाडी हिंडले होते.

पुढे भा. रा. भागवतांच्या फुरसुंगीच्या फास्टर फेणेने मुलांना बोधाच्या कचाट्यातून सोडवले. १९७१ साली बालभारतीचे ‘किशोर’ मासिक सुरू झाले. परंतु सावद्याचे मूल केळीच्या बागांत वाढते, घरी लेवा गणबोली बोलते आणि पुस्तकात बहुधा पुण्याचीच मुले वाचते.

म्हणून नव्या पुस्तकांपैकी पहिली शिफारस आम्ही ल. म. कडू यांच्या ‘खारीच्या वाटा’ची करतो. या कादंबरीला २०१७ चा साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. धरणामुळे गाव सोडावे लागणाऱ्या मुलाची ही कथा. हतनूर धरणाने तापीकाठच्या गावांचे काय झाले, हे रावेर तालुक्यातील आजोबांना विचारावे लागत नाही. नातवंडांना मात्र ते कोणी सांगितलेले नसते. हे पुस्तक वाचून मूल आजोबांजवळ जाऊन बसले, तर आमच्या शिफारशीचे सार्थक झाले.

सलीम मुल्ला यांचे ‘जंगल खजिन्याचा शोध’ (पुरस्कार २०१९) सातपुड्याच्या पायथ्याच्या मुलांना परके वाटणार नाही. पुढच्या वर्षीचा पुरस्कार ‘आबाची गोष्ट’ या कथासंग्रहासाठी आबा महाजन यांना मिळाला. ते जळगावचे, म्हणजे आपल्याच मुलखातले. रहस्याची ओढ असलेल्यांस भारत सासणे यांचे ‘समशेर आणि भूतबंगला’ (पुरस्कार २०२४) द्यावे. पुरस्कार म्हणजे गुणवत्तेची हमी नव्हे, हे आम्ही जाणतो. पण गावातल्या ग्रंथालयाकडे पुस्तक मागताना त्याचा उपयोग होतो.

सोळा-सतरा वर्षांच्या वाचकासाठी ‘कोसला’ आहेच. भालचंद्र नेमाडे यावल तालुक्यातील सांगवीचे. १९६३ साली प्रसिद्ध झालेल्या या कादंबरीतला पांडुरंग सांगवीकर याच मातीतून पुण्यास जातो आणि हरून परततो. ती नवी नव्हे, पण शिक्षणासाठी पुण्याची गाडी धरणाऱ्या मुलाला आजही नवी वाटेल. त्यातील बंडखोरीमुळे काही पालक नाराज होतील, काही धर्मगुरूही. त्यांनी आधी स्वतः ती वाचावी आणि मग मुलाशी भांडावे.