कथेचा शेवट आणि श्रोत्याचा हक्क

देवळाच्या सभामंडपात पुराण चालू असता एखादा श्रोता हात जोडून शंका विचारतो, आणि पुराणिकबुवा पोथी क्षणभर मिटून तिचे निरसन करतात, हा प्रकार आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिला असेल. शंका विचारणे हा अनादर नव्हे. कथा मन लावून ऐकल्याची ती खूण होय. परंतु बुवांनी जर असे सांगितले की, या शंकेचे उत्तर एका निराळ्या अध्यायात आहे आणि त्या अध्यायाची दक्षिणाही निराळी आहे, तर श्रोत्यांस काय वाटेल? प्रश्न कल्पित वाटेल खरा. पण २०१२ साली एका व्हिडिओ खेळाच्या निमित्ताने तो जगभरच्या खेळाडूंपुढे जवळजवळ याच स्वरूपात उभा राहिला. त्या वादाचा इतिहास वाचकांपुढे ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

ज्यास भूमिकेचा खेळ म्हणतात त्याचा उगम अमेरिकेतला. १९७४ साली गॅरी गायगॅक्स व डेव्ह अर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ प्रसिद्ध झाला. त्यात प्रत्येक खेळाडूने एकेका पात्राची भूमिका घ्यावी, एकाने कथा चालवावी, आणि पुढे काय घडावे हे खेळाडूंचे निर्णय व फाशांचे दान यांनी ठरवावे, अशी रीत होती. पुढे कथा चालविणाऱ्याच्या जागी संगणक आला. कॅनडातील एडमंटन शहरी १९९५ साली रे मुझिका, ग्रेग झेशुक व ऑगस्टिन यिप या वैद्यकीची पदवी घेतलेल्या तिघांनी ‘बायोवेअर’ ही संस्था काढली व अशा संगणकीय खेळांत मोठे नाव मिळविले. २००८ च्या आरंभी ती ‘इलेक्ट्रॉनिक आर्ट्स’ या बड्या अमेरिकन कंपनीच्या मालकीची झाली.

‘मास इफेक्ट’ ही या संस्थेची त्रिखंडी कथा. तिचे खंड २००७, २०१० व २०१२ साली प्रसिद्ध झाले. कमांडर शेपर्ड हा नायक. तो पुरुष असावा की स्त्री, त्याचा चेहरा कसा असावा, हेही खेळणाऱ्यानेच ठरवावयाचे. आकाशगंगेत ‘रीपर’ नावाची यंत्ररूप जात आहे. ती दर पन्नास हजार वर्षांनी येते आणि प्रगत संस्कृतींचा समूळ संहार करून निघून जाते. तिला थोपविणे हे शेपर्डचे कार्य. या कथेचे वैशिष्ट्य असे की, पहिल्या खंडात खेळाडूने केलेले निर्णय पुढच्या दोन्ही खंडांत त्याची सोबत करीत. कोणास वाचविले, कोणास मरू दिले, कोणाशी सख्य जोडले, याची नोंद राहत असे. पाच वर्षे अशा रीतीने खेळणाऱ्यास ही कथा आपण नुसती ऐकलेली नसून आपणही ती घडविली आहे असे वाटू लागले, तर त्यात नवल नव्हते.

या कथेबरोबर पुरवण्यांचा व्यापारही वाढत होता. मूळ खेळ विकत घेतल्यावर त्यात भर घालणारा लहान भाग वेगळी किंमत देऊन घ्यावयाचा, ही पद्धत त्या दशकात रूढ झाली. २००६ साली ‘ऑब्लिव्हियन’ या दुसऱ्या एका खेळात घोड्याचे चिलखत सुमारे अडीच डॉलरांस विकावयास काढले, तेव्हा खेळाडूंनी त्याची मनसोक्त टिंगल केली. पण घोडा चिलखतावाचूनही धावत होता. न घेणाऱ्याची कथा अडत नव्हती.

‘मास इफेक्ट’च्या तिसऱ्या खंडाच्या वेळी प्रकरण इतके साधे राहिले नाही. हा खंड मार्च २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्याच दिवशी ‘फ्रॉम अ‍ॅशेस’ नावाची पुरवणी दहा डॉलरांस निघाली. महागडी संग्राहक आवृत्ती घेणारांस ती मूळ किमतीतच मिळे. तिच्यात जाविक नावाचा एक नवा सहकारी होता. हा प्रोथियन जातीचा शेवटचा जिवंत पुरुष. ज्या जातीच्या अवशेषांपासून पहिल्या खंडाची कथा सुरू झाली आणि जी मागच्या संहारात नष्ट झाली, तिचा प्रत्यक्ष साक्षीदार बाहेर ठेवून कथा सांगणे म्हणजे मुख्य खांबच वेगळा विकणे होय, असे पुष्कळांस वाटले. मुख्य खेळाचे काम हातावेगळे झाल्यावर ही पुरवणी रचली, असे कर्त्यांचे म्हणणे. परंतु त्या पात्राचा काही भाग मूळ तबकडीवरच असल्याचे खेळाडूंनी शोधून काढले. नवे पात्र मागाहून बेमालूम बसावे म्हणून त्याचा सांगाडा आधीच ठेवणे भाग होते, असा खुलासा झाला. तो कदाचित खराही असेल. पण मनात एकदा शिरलेला संशय खुलाशाने सहसा जात नाही.

या संशयाच्या वातावरणात खेळाडू शेवटाशी येऊन पोहोचले. अखेरीस एका बालकाच्या रूपात ‘कॅटॅलिस्ट’ नावाची शक्ती शेपर्डपुढे प्रकट होते. यंत्रे आपल्या निर्मात्यांवर उलटल्यावाचून राहत नाहीत, म्हणूनच रीपरांकरवी मी हा संहार चालविला आहे, असे ती सांगते, आणि तीन मार्ग पुढे ठेवते: रीपरांचा नाश, त्यांच्यावर ताबा, अथवा सजीव व यंत्र यांचे एकीकरण. कोणताही मार्ग घेतला तरी पुढची दृश्ये बहुतांशी सारखीच. फरक मुख्यतः लाल, निळ्या वा हिरव्या प्रकाशाचा.

मग शंकांची रांगच लागली. ज्याने याच खंडात क्वेरियन लोक व त्यांनी घडविलेली गेथ यंत्रे यांच्यात समेट करून दिला, त्या शेपर्डने बालकाचा सिद्धान्त निमूटपणे का ऐकून घ्यावा? पृथ्वीवरील शेवटच्या चढाईत जे सहकारी त्याच्या बाजूस होते, ते क्षणार्धात दूर पळणाऱ्या नॉर्मंडी जहाजावर कसे पोहोचले? सर्वांत बिकट शंका तारकामार्ग जोडणाऱ्या महायंत्रांची. शेवटी ती सर्व फुटताना दिसतात. आता, दुसऱ्या खंडाच्या ‘अरायव्हल’ या २०११ च्या पुरवणीत असे एकच यंत्र फुटले असता सबंध ग्रहमाला भस्म होऊन तीन लाखांवर जीव मेले होते. मग सारी आकाशगंगाच नष्ट झाली असे समजावयाचे काय? ही शंका तीव्रतेने पडली ती मुख्यतः पुरवणीसाठी पैसे मोजलेल्यांस, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

काही खेळाडूंनी एक चतुर उपपत्तीही मांडली. रीपरांच्या सान्निध्यात मनुष्याची बुद्धी हळूहळू त्यांच्या अधीन होते, असे कथेतच पूर्वी सांगितले होते. तेव्हा हा सारा शेवट म्हणजे शेपर्डच्या मनातील भ्रम असून बालक हे त्या मोहाचेच रूप होय, असे त्यांनी तपशीलवार पुराव्यांनिशी प्रतिपादिले. आवडत्या ग्रंथात विसंगती सापडली की ग्रंथकार चुकला असे म्हणण्याआधी भाविक टीकाकार गूढार्थ शोधतो, त्यातलाच हा प्रकार.

निषेधाच्या रीती मात्र अभिनव होत्या. शेवट बदलावा या मागणीकडे लक्ष वेधण्यासाठी खेळाडूंनी रुग्णालयांतील मुलांना खेळणी व खेळ पुरविणाऱ्या ‘चाइल्ड्स प्ले’ या संस्थेसाठी ऐंशी हजार डॉलरांहून अधिक निधी जमविला. दुसऱ्या एका गटाने एडमंटनच्या कार्यालयात चारशेंवर छोटे केक पाठविले; त्यांवर तीन रंगांत अ, ब, क अशी अक्षरे होती, आणि चव मात्र सर्वांची एकच! बायोवेअरने ते केक तरुणांच्या एका आश्रयस्थानास देऊन टाकले. उलट पक्षही होता. कलावंताने लोकांच्या ओरडीपुढे मान तुकविली तर कलेचे स्वातंत्र्य ते काय उरले, असे अनेक समीक्षक विचारीत. पूर्वोदाहरण नव्हते असे नाही. आर्थर कॉनन डॉइल यांनी १८९३ साली शेरलॉक होम्सला कड्यावरून लोटून संपविले, आणि वाचकांच्या हळहळीनंतर १९०३ साली त्यास परत आणले. पण होम्सच्या वाचकाने होम्सचा एकही निर्णय स्वतः घेतला नव्हता. शेपर्डचे निर्णय खेळाडूचे होते. म्हणूनच त्याची मागणी वाचकाच्या मागणीहून वेगळी ठरते.

अखेर २६ जून २०१२ रोजी बायोवेअरने विस्तारित शेवट विनामूल्य दिला. मूळ तीन मार्ग कायम राहिले. मात्र नॉर्मंडीने सहकाऱ्यांस कसे उचलून नेले ते दाखविले, महायंत्रे पार नष्ट न होता दुरुस्त होण्याजोगी राहिली, आणि तिन्ही मार्ग नाकारण्याची चौथी वाटही मिळाली. परंतु ऑगस्टमध्ये ‘लेव्हायथन’ ही दहा डॉलरांची पुरवणी आली. रीपर कोणी निर्मिले, तो बालक मुळात कोण, हे तिच्यात उलगडून सांगितले होते. आरंभी काढलेली शंका येथे तंतोतंत खरी ठरली: काय घडले ते फुकट कळले, का घडले याला मात्र दक्षिणा द्यावी लागली.

पुरवणी ही वस्तू मुळात वाईट नव्हे. हरिवंशास महाभारताचे ‘खिल’ म्हणतात. श्रीकृष्णाचे बालचरित्र हवे असेल तर त्याकडे वळावे लागते. पण भारती युद्धाचा अर्थ लावण्यास हरिवंश नसला तरी अडत नाही. भर घालणारी पुरवणी एक, आणि मुळातील भोक बुजविणारी पुरवणी दुसरी. मार्च २०१३ मध्ये आलेली ‘सिटाडेल’ ही पहिल्या जातीची. जुन्या सोबत्यांचे मेजवानीसाठी एकत्र येणे, थट्टा, निरोप, एवढेच तिच्यात होते. ती दहा नव्हे, पंधरा डॉलरांची असूनही खेळाडूंनी तिचे प्रेमाने स्वागत केले. यावरून त्यांचा राग पैशांवर नव्हता हे उघड होते. अर्थ न लागणारा शेवट आणि विकत घ्यावयाचे भाग, या दोन तक्रारी वरून वेगळ्या दिसल्या तरी आत एकच होत्या. आपण जी कथा घेतली ती अख्खी आहे की नाही, एवढेच त्यांस जाणून घ्यावयाचे होते. पुरवण्या विक्रीस नसत्या, तर शेवटातील विसंगतीस लोकांनी लेखकाची चूक म्हणून सोडून दिले असते. विक्री सुरू झाल्यावर प्रत्येक चूक हेतुपुरस्सर ठेवलेली वाटू लागली.

मे २०२१ मध्ये तिन्ही खंड एका आवृत्तीत निघाले. जाविक, लेव्हायथन, अरायव्हल, सिटाडेल व विस्तारित शेवट सारे त्यात समाविष्ट होते. पहिल्या खंडाची ‘पिनॅकल स्टेशन’ ही पुरवणी तेवढी, तिची मूळ सामग्री बिघडल्यामुळे, वगळावी लागली. आज ही कथा नव्याने हाती घेणारास कोणता भाग मूळचा आणि कोणता मागाहून विकलेला हे सहसा उमगतही नाही. त्याला बालकाविषयी शंका पडलीच, तर उत्तर त्याच आवृत्तीत पुढ्यात असते. २०१२ साली ज्यांनी ती शंका प्रथम विचारली, त्यांनी एवढेच मागितले होते.