पूर्व जर्मनीतील शालेय भूमिगत प्रतिकार

पूर्व जर्मनीच्या साम्यवादी राजवटीविरुद्ध माध्यमिक शाळांतील विद्यार्थ्यांनी, विशेषतः १९४९–५१ या काळात, गुप्तपणे केलेला प्रतिकार. सोव्हिएट-व्याप्त प्रदेशात ७ ऑक्टोबर १९४९ रोजी जर्मन लोकशाही प्रजासत्ताकाची स्थापना झाली. त्याची पहिली निवडणूक १५ ऑक्टोबर १९५० रोजी झाली; परंतु मतदारांपुढे उमेदवारांची एकच संयुक्त यादी होती आणि मत उघडपणे देण्यासाठी दडपण आणले जाई. अधिकृत निकालानुसार यादीला ९९ टक्क्यांहून अधिक मते पडली. विद्यार्थ्यांचा रोष मुख्यतः या निवडणुकीवर होता.

तत्पूर्वी आल्टेनबुर्ग येथील विद्यार्थ्यांनी व तरुण शिक्षकांनी स्टालिनच्या सत्तराव्या वाढदिवशी (२१ डिसेंबर १९४९) घरी जुळविलेल्या प्रक्षेपकाच्या साहाय्याने राष्ट्राध्यक्ष व्हिल्हेल्म पीक यांच्या नभोवाणीवरील भाषणात व्यत्यय आणला. सोव्हिएट लष्करी न्यायालयाने त्यांना जबर शिक्षा दिल्या. काहींना १९५० मध्ये मॉस्कोत गोळ्या घालण्यात आल्या.

सॅक्सनीतील ओल्बर्नहाऊचा हेर्मान योझेफ फ्लाडे (१९३२–८०) हा विद्यार्थी खेळण्यातील छापसंचावर तयार केलेली पत्रके निवडणुकीच्या आदल्या रात्री वाटत होता. पोलिसांनी हटकताच त्याने खिशातील चाकूने एका पोलिसास जखमी केले. १० जानेवारी १९५१ रोजी, जाहीर खटल्यानंतर, या अठरा वर्षांच्या मुलास मृत्युदंड सुनावण्यात आला. त्याविरुद्ध उसळलेल्या निषेधामुळे त्याच महिन्यात ही शिक्षा पंधरा वर्षांच्या कारावासावर आणली गेली.

या निषेधकर्त्यांत त्याच प्रांतातील व्हेर्डाऊ येथील विद्यार्थीही होते. म्यूनिकमध्ये १९४३ साली नाझींनी देहान्त दिलेली हान्स व सोफी शोल ही भावंडे त्यांचा आदर्श होती. या भावंडांचा गौरव नवे शासनही करीत असे. मात्र त्यांचा कित्ता आपल्याविरुद्ध गिरविला जावा, हे त्यास मानवले नाही. ऑक्टोबर १९५१ मध्ये त्स्विकाऊच्या न्यायालयाने एकोणीस तरुणांना दोन ते पंधरा वर्षांच्या, एकूण १३० वर्षांच्या शिक्षा ठोठावल्या. त्यांचा गुन्हा मुख्यतः पत्रके वाटण्याचा होता. या पत्रकांनी राज्य उलथले नसते, हे उघडच आहे. शासनाला खुपला तो आपल्याच शाळांतून उमटलेला नकार.

फ्लाडेची सुटका १९६० मध्ये झाली व तो पश्चिम जर्मनीत गेला. तेथे १९६३ साली त्याचे आत्मकथन प्रसिद्ध झाले.