संख्येत अंक किती?

गोदाकाठी गणितावर व्याख्यान ठेवले की अर्धी मंडळी चिवड्याच्या दुकानाकडे वळतात, हे आम्ही जाणून आहो. पण आजचा प्रश्न शाळकरी पोरालाही विचारता येईल असा आहे: दिलेल्या संख्येत अंक किती?

जवळच देवळालीस शिक्षक असलेले दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५-१९८६) यांनी १९४९ साली ६१७४ या संख्येचे नवल जाहीर केले. कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी. सारे अंक सारखे मात्र नसावेत. अंक उतरत्या क्रमाने मांडून त्यांतून चढत्या क्रमाची संख्या वजा करावी, बाकीवर पुन्हा तेच करावे. फार तर सात पायऱ्यांत ६१७४ येते. आता २१११ घ्या. त्यातून १११२ गेले, राहिले ९९९. याला तीन अंकी समजलात तर ९९९ मधून ९९९ जाऊन शून्य उरते आणि सारा खेळ आटोपतो. ०९९९ असे चार अंक राखा. मग ८९९१, ८०८२, ८५३२ आणि ६१७४!

गणकयंत्राला हे अंक मोजावयास कसे सांगावे? दहाने भागत जावे आणि किती वेळा भागले ते मोजावे, हा सरळ मार्ग. पण भागाकार हे यंत्राचे जडच काम. संख्या १०, १००, १००० यांच्याशी ताडून पाहणे त्याहून हलके.

तिसरा मार्ग जुन्या मॅट्रिकवाल्यांच्या ओळखीचा आहे. नेपियरने १६१४ साली लॉगरिथम दिले, ब्रिग्जने ते दहाच्या पायावर आणले. लॉगच्या पूर्णांकात एक मिळविला की अंकांची संख्या! ६१७४ चा लॉग ३.७९, म्हणून अंक चार. पण येथे एक खाच आहे. पंधरा वेळा ९ लिहून होणाऱ्या संख्येचा लॉग १५ हून इतका किंचित कमी असतो की, नेहमीच्या चौसष्ट बिटांच्या दशांश-गणितात यंत्र तो १५ च धरते, आणि अंक सोळा सांगते. आमच्या लॉगच्या पुस्तकानेही आम्हांला असेच फसविले असते, हे कबूल केले पाहिजे.

म्हणून चतुर लोकांनी लॉगच्या कोष्टकातून एकच आकडा उचलला: २ चा लॉग, .३०१०, जो आम्ही एके काळी घोकला होता. यंत्र संख्या केवळ ० व १ यांनी लिहिते आणि ती घरे किती, हे झटकन सांगते. ६१७४ ला १३ घरे लागतात. १३ गुणिले .३०१० म्हणजे ३.९१, पूर्णांक ३. संख्या १००० हून कमी नाही, म्हणून एक मिळवावा: चार. ९९९ ला घरे १०, गुणाकार ३.०१, पूर्णांक ३. संख्या १००० हून कमी, म्हणून तीनच. एक गुणाकार, एक तुलना, आणि भागाकार मुळीच नाही.

यंत्राचे हे उत्तर खरेच आहे. कापरेकरांच्या ०९९९ मधले ते पहिले शून्य मात्र कोणत्याच सूत्राला दिसत नाही. आज्ञावली लिहिणाऱ्यानेच ते घर राखावयाचे असते.