मर्सेदेस की मेर्से? 'म'वरून सुरू होणारी स्पॅनिश नावं

स्पेनमध्ये 'म'वरून मुलींची नावं पुष्कळ आहेत. त्यातलं मूळ नाव मारिया, म्हणजे हिब्रूतलं मिर्याम. येशूच्या या आईला तिथं अनेक रूपांत पुजतात आणि त्या रूपांवरूनच मुलींची नावं ठेवतात. मिलाग्रोस म्हणजे चमत्कार. मॉन्सेरात म्हणजे करवतीसारखा दातेरी डोंगर. बार्सिलोनाजवळच्या त्या डोंगरावरल्या मठात मारियाची सावळी मूर्ती आहे.

मर्सेदेस हे नाव आपल्याला मोटारीमुळे ठाऊक. ती मोटार एका ऑस्ट्रियन व्यापाऱ्याच्या मुलीच्या नावाची. पण नाव त्याआधीचं. लॅटिन मुळाचा अर्थ मोबदला. पुढं झाला दया. १२१८ साली बार्सिलोनात एक ख्रिस्ती पंथ स्थापन झाला. मुस्लिम राज्यांत कैद झालेल्या ख्रिस्ती लोकांना पैसे देऊन सोडवणं, हे त्याचं काम. त्याची 'दयेची माता' म्हणजेच मर्सेदेस. बार्सिलोनाच्या कातालान भाषेत तिला मेर्से म्हणतात.

१९३८ साली, यादवी युद्ध चालू असताना, फ्रँको सरकारनं आदेश काढला: स्पॅनिश नावांची जन्मनोंद कॅस्टिलियन भाषेतच व्हावी. घरात आई मेर्से म्हणून हाक मारी, कागदावर मात्र मर्सेदेस. कैद्यांना सोडवणाऱ्या मातेचं नावच असं अडकून पडलं. अखेर १९७७ च्या कायद्यानं वाट मोकळी केली. मोठ्या झालेल्या बायकांनाही नोंदीतलं नाव बदलून घेता येऊ लागलं.

अर्थ दोन्हींचा एकच. तरी कुणी मेर्से भेटली, तर तिला मेर्सेच म्हणा.