एअर रायफल: धक्क्याकडून सातत्याकडे

हवेच्या दाबावर चालणारी बंदूक नवी नाही. १७८० च्या सुमारास ऑस्ट्रियाच्या सैन्याने जिरार्डोनी यांची रायफल स्वीकारली होती. तिच्या दस्त्यातच हवा साठवलेली असे. विसाव्या शतकात मात्र स्प्रिंगवर चालणारी, स्वस्त एअर रायफल सर्वत्र पसरली. तिचा मूळ दोष आणि त्यावरचे उपाय हा या टिपणाचा विषय आहे.

चाप ओढताच दाबलेली स्प्रिंग सुटते, दट्ट्या पुढे धावतो, त्याच्यापुढची हवा दाबली जाते आणि छर्रा निघतो. पण छर्रा नळीबाहेर पडण्यापूर्वीच रायफल आधी मागे आणि दट्ट्या थांबताना पुढे ढकलली जाते. त्यामुळे पकड जराशी बदलली तरी छर्रा दुसरीकडे लागतो.

कारागिरांनी यावर हाताने उपाय केले. स्प्रिंगची टोके घासून गुळगुळीत करणे, तिच्या आत घट्ट बसणारा मार्गदर्शक दांडा घालणे, ग्रीसचा पातळ थर देणे, या उपायांनी थरथर कमी होते. तेल मात्र बेताने वापरावे लागते. दट्ट्यापुढे जास्त तेल गेले, तर दाबाच्या उष्णतेने ते पेटते आणि प्रत्येक छर्ऱ्याचा वेग वेगळा येतो. या साऱ्या उपायांनी थरथर घटली, तरी धक्का उरलाच.

धक्का घालवण्यासाठी रचनाच बदलावी लागली. जर्मनीत डायना कंपनीच्या गिस पद्धतीत दोन दट्ट्ये एकमेकांविरुद्ध धावून धक्का खोडून काढतात. फाइनवेर्कबाऊ ३०० मध्ये नळीसह यंत्रणा रुळांवरून मागे सरकते, म्हणून खांद्याला धक्का जाणवत नाही. पुढे वाल्थर एलजीआरसारख्या रायफलींत हवा आधीच दाबून ठेवली जाऊ लागली. चाप ओढल्यावर फक्त झडप उघडते. जड दट्ट्या धावतच नाही. आजच्या स्पर्धेच्या रायफलीत हवा नळकांड्यात सुमारे २०० बार दाबाने भरतात आणि नियंत्रक प्रत्येक नेमाला सारखाच दाब देतो.

या बारकाव्याला किंमत आहे. १० मीटरवरील लक्ष्यात दहा गुणांच्या ठिपक्याचा व्यास फक्त ०.५ मिलिमीटर असतो, तर छर्रा ४.५ मिलिमीटरचा. हा प्रकार १९८४ मध्ये ऑलिंपिकमध्ये आला. २००८ मध्ये बीजिंगला अभिनव बिंद्रा यांनी ७००.५ गुणांनी सुवर्ण जिंकले. दुसऱ्या क्रमांकापेक्षा ते केवळ ०.८ गुणांनी पुढे होते.

सारांश, एअर रायफलची प्रगती जोर वाढवण्यात नव्हे, तर प्रत्येक नेम आधीच्यासारखा करण्यात झाली. यंत्राचा दोष जितका कमी झाला, तितकी चुकीची जबाबदारी नेमबाजावर आली.