घरची भाषा आणि कवीची भाषा : दत्तात्रेय रामचंद्र बेंद्रे

शाळेच्या प्रवेशपत्रिकेत ‘मातृभाषा’ असा एक रकाना असतो. तो भरताना पेडणे व डिचोली या महालांतील पालक क्षणभर थबकतो, हा आम्हां शिक्षकांचा नित्याचा अनुभव आहे. घरात तो ज्या बोलीत बोलतो तिला कोकणी म्हणावे, तर देवळातील आरती, भजन, कीर्तन, दशावतारी नाटक आणि आजोबांच्या हातचे जुने कागद ही सारी मराठीत असतात. मराठी म्हणावे, तर चुलीपाशी चालणारे बोलणे निराळे असते. या रकान्यावरून आमच्या प्रदेशात पुष्कळ वाद झाले. त्या वादात नव्याने उतरण्याचा आमचा हेतू नाही. परंतु घाटापलीकडे धारवाड नगरीत एक असा कवी होऊन गेला, की ज्याच्या नावासमोर या रकान्यात ‘मराठी’ हाच शब्द लिहावा लागला असता आणि जो पुढे विसाव्या शतकातील कन्नड कवितेचा अग्रणी ठरला. दत्तात्रेय रामचंद्र बेंद्रे उर्फ ‘अंबिकातनयदत्त’ यांच्या चरित्राकडे आमच्या भूमीवरून पाहिले असता काय दिसते, एवढेच येथे मांडावयाचे आहे.

बेंद्र्यांचा जन्म ३१ जानेवारी १८९६ रोजी धारवाड येथे एका चित्पावन ब्राह्मण कुटुंबात झाला. घरची भाषा मराठी, घरचा व्यासंग संस्कृताचा. वडील रामचंद्रपंत लवकर निवर्तले, आणि मुलाच्या संगोपनाचा भार आई अंबाबाई व आजी गोदूबाई यांच्यावर पडला. या मातेचे ऋण कवीने आपल्या टोपणनावातच नोंदवून ठेवले आहे : अंबिकेचा पुत्र दत्त. शालेय शिक्षण धारवाडास झाल्यावर ते पुण्यास फर्ग्युसन महाविद्यालयात गेले आणि १९१८ साली पदवी घेऊन धारवाडास शिक्षक म्हणून परतले. ऐन विद्यार्थिदशेत पुण्यासारख्या मराठी विद्येच्या केंद्रात राहिलेल्या, मराठी घरात वाढलेल्या तरुणाने मराठीत काव्यलेखन केले असते तर कोणासही नवल वाटले नसते. त्यांनी कन्नड निवडली.

या निवडीचे महत्त्व कळण्यास तत्कालीन धारवाडची भाषिक स्थिती ध्यानात घेतली पाहिजे. पेशवाईच्या अस्तानंतर हा प्रदेश मुंबई इलाख्यात गेला होता. लोकांची भाषा कन्नड असली, तरी कारभारात व शिक्षणात मराठीचे वजन मोठे होते. एकोणिसाव्या शतकात डेप्युटी चन्नबसप्पा यांच्यासारख्या शिक्षणाधिकाऱ्यांनी कन्नड शाळांसाठी परिश्रम केले. १८९० मध्ये रा. ह. देशपांडे यांच्या पुढाकाराने धारवाडास कर्नाटक विद्यावर्धक संघाची स्थापना झाली. आलूर वेंकटराव यांनी कर्नाटकाच्या एकीकरणाचा ध्यास घेतला. म्हणजे बेंद्र्यांनी ज्या भाषेचा हात धरला ती त्या काळी त्यांच्याच गावात प्रतिष्ठेने दुय्यम होती. घरच्या भाषेत मान होता, शेजारच्या भाषेत नव्हता. आणि कवी शेजारच्या भाषेकडे गेला. या निवडीत लाभाचा हिशेब शोधू गेल्यास तो सापडत नाही.

१९२२ च्या सुमारास त्यांच्याभोवती ‘गेळेयर गुंपु’ म्हणजे मित्रमंडळ जमले. विनायक कृष्ण गोकाक, रं. श्री. मुगळी, शं. बा. जोशी, बेटगेरी कृष्णशर्मा, मधुरचेन्न अशी मंडळी त्यात होती. उत्तर कर्नाटकातील आधुनिक साहित्याची घडण पुष्कळशी या मंडळात झाली. १९३२ मध्ये ‘गरी’ हा त्यांचा संग्रह निघाला. ‘गरी’ म्हणजे पीस, पाखराचे पंख. पुढे ‘सखीगीत’, ‘नादलीले’, ‘उय्याले’ असे संग्रह क्रमाने आले. बेंद्र्यांच्या कवितेचे वैशिष्ट्य कन्नड समीक्षकांनी एकमुखाने सांगितले आहे, ते म्हणजे तिची बोली. पंडिती कन्नड त्यांना अवगत होती. पण कवितेसाठी त्यांनी उचलली ती धारवाडच्या रस्त्यावरची, बाजारातली, बायकांच्या ओव्यांची, लावणीकाराची आणि जोगी-गोंधळ्यांची भाषा. मृत अपत्यापाशी बसलेल्या पत्नीला उद्देशून एका पित्याने बोललेली त्यांची कविता कर्नाटकात घरोघरी ठाऊक आहे. बेंद्रे दांपत्याने अनेक अपत्यांचे मृत्यू पाहिले होते. इतके जिव्हारी लागलेले दुःख या कवीने जन्मभाषेत नव्हे, तर धारवाडी कन्नडच्या अगदी घरगुती वळणात सांगितले, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. शोक ज्या भाषेत उमटतो तीच मनुष्याची खरी भाषा, असे मानल्यास येथे निर्णय कोणत्या बाजूस जातो हे उघड आहे.

या भाषानिष्ठेची किंमतही त्यांस मोजावी लागली. ‘नरबली’ या कवितेबद्दल ब्रिटिश सरकारने त्यांना राजद्रोही ठरवले. बेळगावजवळच्या हिंडलगा तुरुंगात, आणि नंतर धारवाडजवळच्या मुगद या खेड्यात स्थानबद्धतेत त्यांचे दिवस गेले. सरकारी रोषामुळे शिक्षकाची स्थिर नोकरी दीर्घकाळ दुर्लभ झाली. १९३५ साली त्यांनी एम. ए. ची परीक्षा दिली. १९४३ साली शिवमोग्याच्या कन्नड साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. परंतु पोटापाण्याची निश्चिती झाली ती १९४४ मध्ये, आणि तीही महाराष्ट्रात. सोलापूरच्या दयानंद महाविद्यालयात कन्नडचे प्राध्यापक म्हणून त्यांनी १९५६ पर्यंत काम केले. मराठी घरातला मनुष्य, मराठी मुलखातले शहर आणि शिकवायचा विषय कन्नड! भाषेच्या सीमा नकाशावर आखता येतात, माणसांच्या आयुष्यातून आखता येत नाहीत, याचे याहून बोलके उदाहरण कोठे सापडेल?

बेंद्र्यांनी मराठी सोडली, असे मात्र कोणी समजू नये. ‘संवाद’ हा त्यांचा ग्रंथ मराठीत आहे; विठ्ठलसंप्रदायावरही त्यांनी मराठीतून लिहिले. ज्या दैवताला मराठी संतांनी ‘कानडा’ म्हटले, त्याच्या शोधात हा मराठी घरचा कानडी कवी गेला हे साहजिकच होय. त्यांच्या काव्यविचारात पाच मातांची कल्पना आहे : जन्मदात्री, कन्नडमाता, भारतमाता, भूमाता आणि विश्वमाता. जन्मदात्री व भाषामाता येथे वेगळ्या मोजल्या आहेत, आणि तरीही एकीला वंदन केल्याने दुसरीचा अवमान होत नाही. ‘मातृभाषा’ या शब्दाचा आपण करतो त्याहून हा अर्थ अधिक उदार आहे.

कन्नड भाषेनेही त्यांस परके मानले नाही. ‘अरळु-मरळु’साठी १९५८ चा साहित्य अकादमी पुरस्कार, १९६८ साली पद्मश्री, आणि ‘नाकु तंती’, म्हणजे चार तारा, या संग्रहासाठी १९७३ चे ज्ञानपीठ असे सन्मान त्यांस लाभले. ऑक्टोबर १९८१ मध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले. उत्तरायुष्यात संख्यांच्या गूढाने त्यांना इतके वेधले की पुष्कळ चाहत्यांस ते दुर्बोध वाटू लागले, हेही नमूद केले पाहिजे. पण कन्नड जनांनी त्यांस ‘वरकवी’ म्हटले ते कायमचे. १९६७ ते २०१० या काळात कन्नडला आठ ज्ञानपीठे मिळाली. त्या आठांपैकी बेंद्र्यांच्या घरी मराठी, मास्तींच्या घरी तमिळ आणि गिरीश कर्नाडांच्या घरी कोकणी होती. कन्नडातील मुक्त रचनेला वाट करून देणारे मंजेश्वर गोविंद पै (१८८३–१९६३) हेही कोकणी घरचेच. कन्नडच्या समृद्धीचे एक कारण तिच्या या मोकळ्या दारात आहे, असे आम्हांस वाटते.

याची दुसरी बाजूही धारवाडातच पाहावयास मिळते. जी. ए. कुलकर्णी यांनी त्याच गावात कित्येक वर्षे इंग्रजीचे अध्यापन केले आणि तेथे बसून मराठी कथा लिहिली. बेंद्र्यांच्या ज्ञानपीठाचे वर्ष १९७३, आणि ‘काजळमाया’ला साहित्य अकादमी पुरस्कार जाहीर झाला तेही १९७३ चेच. एका गावाने एकाच वर्षात दोन भाषांना मान मिळवून दिला. गावाची भाषा एक आणि लेखकाची दुसरी, असे कोठेही घडू शकते. त्यात द्रोह नाही.

आता आमच्या महालांकडे वळू. डिचोली महालातील नार्वे येथे सप्तकोटेश्वराचे देवालय आहे. हे दैवत गोव्याच्या कदंब राजांचे. त्याच्या वरप्रसादाचा उल्लेख ते आपल्या बिरुदात करीत. या राजांची सत्ता कोकणावर होती तशीच घाटमाथ्यावरील हळशीच्या आसपासच्या मुलखावरही होती, आणि त्यांचे शिलालेख संस्कृताप्रमाणे कन्नडातही आहेत. त्याच देवालयाचा जीर्णोद्धार १६६८ साली शिवछत्रपतींनी केला. पुढे डिचोली १७८१-८२ मध्ये व पेडणे १७८८ मध्ये पोर्तुगिजांकडे गेले, त्यापूर्वी ते सावंतवाडीकर भोसल्यांच्या अमलाखाली होते. म्हणून येथे मराठी लिखापढीची परंपरा दृढ राहिली. एकाच देवळाच्या आवारात कन्नड, मराठी व कोकणी या तिन्हींचा इतिहास उभा आहे.

या मातीतून दोन वाटा निघाल्या. सोहिरोबानाथ आंबिये (जन्म १७१४) यांचे घराणे पेडणे महालातील पालयें गावचे. त्यांनी आपली साधना मराठी पदांत ओतली. वामन रघुनाथ वर्दे वालावलीकर उर्फ शणै गोंयबाब (१८७७–१९४६) यांचा जन्म डिचोलीचा; त्यांनी घरची बोली हीच लेखनाची भाषा झाली पाहिजे म्हणून आयुष्य वेचले. बा. भ. बोरकरांनी तर दोन्ही वाटा चालून दाखवल्या. मराठीचा अभिमानी वाचक बेंद्र्यांचे चरित्र वाचून म्हणेल, ‘पाहा, घरच्या बोलीहून वेगळी भाषाही साधनेने आपली होते, मग गोमंतकात मराठी परकी कशी?’ हा युक्तिवाद खरा आहे आणि आम्हांस मान्य आहे. पण तो अर्धाच आहे. बेंद्रे मोठे झाले ते कन्नड निवडली एवढ्यानेच नव्हे, तर लोकांच्या तोंडची कन्नड निवडली म्हणून. शणै गोंयबाबांचा आग्रहही लोकांच्या तोंडच्या भाषेसाठीच होता, हे विसरणे अप्रामाणिकपणाचे होईल. पेडण्याच्या मुलाच्या तोंडचा शब्द निबंधात आला की त्याखाली लाल रेघ ओढावयाची, आणि मग आमच्या मराठीत रस उरला नाही म्हणून खंत करावयाची, ही आम्हां शिक्षकांची जुनी खोड आहे. या दोषात आम्ही स्वतःसही धरतो. सोहिरोबांची पदे टिकली, कारण ती लोकांच्या गळ्यात बसली.

आणखी एका गोष्टीचा उल्लेख करून हे टिपण संपवतो. आज आमच्या महालांतील कित्येक मराठी प्राथमिक शाळांच्या पटावर विजापूर, बागलकोट, हावेरी या बाजूंनी कामासाठी आलेल्या कुटुंबांतील मुले आहेत. त्यांच्या मातृभाषेच्या रकान्यात ‘कन्नड’ असे लिहिलेले असते. मधल्या सुट्टीत ती आपसांत जी भाषा बोलतात, ती पुष्कळदा बेंद्र्यांच्या कवितेतल्या भाषेची सख्खी बहीण असते. ती बोलल्याबद्दल त्यांना हसणारे मात्र वर्गात पुष्कळ असतात. मराठी घरच्या एका मुलाला कन्नडने आपल्या मांडीवर घेतले व त्यास वरकवी केले. ते ऋण फेडण्याची संधी आमच्या बाकांवर येऊन बसली आहे. या मुलांपैकी कोणी उद्या मराठीत लिहील, कोणी कोकणीत, कोणी आपल्या कन्नडकडे परतेल. ते त्याचे त्याने ठरवावे. त्याच्या घरच्या शब्दाला वर्गात कोणी हसणार नाही, एवढे पाहणे मात्र आमच्या हाती आहे. आणि तेवढे आम्ही केले, तर त्या रकान्यात काय लिहिले आहे याला फारसे महत्त्व उरणार नाही.